दार नसलेलं कॉलेज आणि वाढणारं घर : बाळकृष्ण दोशी यांच्याकडून आपण काय शिकायचं?

'थ्री इडियट्स' हा पिक्चर न पाहिलेला माणूस आपल्या होस्टेलमध्ये सापडणार नाही. रविवारी कॉमन रूममध्ये टीव्हीवर लागला की मेसची घंटासुद्धा कोणाला ऐकू येत नाही. त्यातलं ते दगडी भिंतींचं, लांबच लांब कॉरिडॉरचं, वेलींनी भरलेलं इंजिनीअरिंग कॉलेज आठवतंय? ते मुळात इंजिनीअरिंग कॉलेज नाहीच. ते आहे बंगलोरचं आय.आय.एम. म्हणजे मॅनेजमेंटची संस्था. आणि ते ज्यांनी डिझाइन केलं ते आर्किटेक्ट जन्माने आपल्या पुण्याचे. त्यांचं नाव बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी.

मला हे नाव गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मी सिव्हिलची विद्यार्थिनी असून माहीत नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते. ते कसं कळलं ते आधी सांगते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

एक परत आलेली शीट

आम्हाला सबमिशनसाठी कमी उत्पन्न गटातल्या चाळीस कुटुंबांच्या वसाहतीचा लेआउट काढायचा होता. मी एक घर काढलं. हॉल, किचन, बाथरूम. मग तेच चाळीस वेळा कॉपी-पेस्ट केलं. दोन रांगा, मध्ये रस्ता. दिसायला एकदम नीटनेटकं. मी खूश होते.

सरांनी शीट पाहिली आणि एका घरावर पेन्सिल ठेवली. म्हणाले, "या घरातल्या मुलाचं लग्न झालं की सून कुठे झोपणार?" मी गप्प. "याला दारात चहाची टपरी टाकायची असेल तर?" मी गप्प. "मग हे घर नाही, हा डबा आहे. परत काढ." आणि जाता जाता म्हणाले, "लायब्ररीत जा. दोशींचं अरण्य बघ."

मला वाटलं, सर जंगलाबद्दल बोलतायत!

पुण्यातलं बालपण

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ चा, पुण्यातला. घराणं गुजराती, व्यवसाय फर्निचरचा. आई ते तान्हे असतानाच वारली. आजोबा, काका, आत्या अशा मोठ्या एकत्र कुटुंबात ते वाढले. घरात लाकूडकाम, कारागीर, रंधा मारल्याचा वास. वस्तू कशी जुळते, सांधा कसा बसतो, हे त्यांनी शाळेच्या आधी घरात पाहिलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल वाचताना पुन्हा पुन्हा येते. त्यांचं ते पुण्याचं घर एकदाच बांधून संपलेलं नव्हतं. कुटुंब वाढलं तसं घर वाढत गेलं. खोल्या जोडल्या गेल्या, मजला चढला. ही आठवण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. का वाटतं ते पुढे येईलच.

१९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले. तिथून १९५० मध्ये बोटीने लंडन. लंडनजवळ १९५१ साली जगभरच्या आधुनिक आर्किटेक्ट मंडळींचं एक संमेलन भरलं होतं. तिथे त्यांना चंदीगडबद्दल कळलं. पंजाबची नवी राजधानी वसवायचं काम ल कॉर्बुझिए या बड्या आर्किटेक्टकडे आलं होतं आणि त्याचं ऑफिस पॅरिसला होतं. दोशींनी हाताने अर्ज लिहून पाठवला आणि पॅरिस गाठलं. फ्रेंच येत नव्हतं. पहिले आठ महिने पगारही नव्हता. आपल्याकडे इंटर्नशिपला स्टायपेंड नाही म्हटलं की आपण दुसरी कंपनी शोधतो! दोशी मात्र टिकले. १९५४ पर्यंत त्यांनी तिथे काम केलं, मग कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या इमारतींवर देखरेख करायला भारतात परतले. मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, शोधन यांचा बंगला, साराभाईंचं घर ही ती कामं.

त्यानंतर ते अहमदाबादचेच झाले. तिथे त्यांनी स्वतःचं 'वास्तुशिल्प' हे ऑफिस काढलं. पुढे अहमदाबादला आय.आय.एम. काढायचं ठरलं तेव्हा अमेरिकेतले लुई काहन यांना बोलवा असं दोशींनी सुचवलं, आणि स्वतः त्यांच्याबरोबर काम केलं. आपल्या हातात येऊ शकणारं एवढं मोठं काम दुसऱ्याला द्यायचं, आणि वर त्याच्याकडून शिकायचं! आम्ही तर असाइनमेंटसुद्धा लपवून ठेवतो.

दार नसलेलं कॉलेज

आता मुख्य मुद्दा. १९६२ साली दोशींनी अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. बर्नार्ड कोन हे आर्किटेक्ट त्यांचे साथीदार होते आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीचा पाठिंबा होता. पहिली दहा वर्षं, १९७२ पर्यंत, दोशी तिथले संचालक होते. पुढे तिथेच प्लॅनिंगचं शिक्षण सुरू झालं आणि सगळ्याचं मिळून एक केंद्र झालं. आज ते सेप्ट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं. आर्किटेक्चरला जाणारी तुमची कोणी मैत्रीण असेल तर तिला विचारा, सेप्टला ॲडमिशन म्हणजे काय चीज असते.

या स्कूलची इमारतही दोशींचीच. साठच्या दशकाच्या शेवटी ती उभी राहिली. ती कशी आहे ते सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगते. विटांच्या समांतर लोड बेअरिंग भिंती, प्लास्टर नाही, वर काँक्रीटचे स्लॅब. स्टुडिओला उत्तरेकडून उजेड येतो. उत्तरेचाच का? आपल्याकडे सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेच्या बाजूने फिरतो, म्हणून उत्तरेकडून येतो तो थेट ऊन नसलेला, एकसारखा उजेड. ड्रॉइंग बोर्डवर सावली सरकत नाही, डोळ्यांना त्रास नाही आणि खोलीही तापत नाही. इमारतीच्या खाली मोकळी जागा सोडली आहे. अहमदाबादच्या उन्हाळ्यात तिथे सावली आणि वारा दोन्ही मिळतं. पोरं तिथे बसतात, भांडतात, मॉडेल करतात, चहा पितात.

आणि सर्वात मोठी गोष्ट : स्टुडिओंना आपल्यासारखी बंद दारं नाहीत. पहिल्या वर्षाचा मुलगा जाता-येता चौथ्या वर्षाचं काम बघतो. सिनिअरला सर झापत असतील तर ते ज्युनिअरला ऐकू येतं. आपल्याला वाटेल, काय डिस्टर्बन्स! पण विचार करा. एकाची चूक समजावून सांगताना दहाजण शिकतात. शिक्षण वर्गातच होतं आणि तासाच्या घंटेला संपतं, हेच दोशींना मान्य नव्हतं.

शिकवण्याची पद्धतही तशीच. मुलांना जुन्या गावांत, अहमदाबादच्या पोळांत नेऊन घरं मोजायला लावायची, त्यांची ड्रॉइंग्ज करायला लावायची. (पोळ म्हणजे जुन्या शहरातला, एकमेकांना चिकटलेल्या घरांचा, गल्लीच्या तोंडाशी दरवाजा असलेला मोहल्ला.) ओसरी किती रुंद, पायरी किती उंच, त्या पायरीवर दुपारी कोण बसतं, संध्याकाळी कोण. पुस्तकातलं माप आणि माणसाचं माप यातला फरक तिथे कळतो.

आता आपल्या होस्टेलकडे बघूया. खरं सांगा, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स तुम्ही कुठे शिकलात? मी बेंडिंग मोमेंट डायग्राम शिकले ती आमच्या होस्टेलच्या जिन्याच्या लँडिंगवर, रात्री साडेअकराला, फायनल इयरच्या एका ताईकडून. तिने चप्पल दोन टोकांनी धरून वाकवली आणि म्हणाली, "बघ, वर दाब आला, खाली ताण आला." झालं. जे लेक्चरला तीन आठवडे डोक्यावरून गेलं ते चपलेने पाच मिनिटांत शिकवलं. ते लँडिंग ज्यांनी काढलं त्यांनी ते फक्त जिना वळवायला काढलं असेल. दोशींनी मात्र अशा जागा मुद्दाम केल्या. बंगलोरच्या आय.आय.एम.मध्ये (ते १९७७ ते १९९२ टप्प्याटप्प्याने झालं) फत्तेपूर सिक्रीची प्रेरणा घेऊन त्यांनी वर्गांपेक्षा वर्गांबाहेरच्या जागा मोठ्या मनाने दिल्या. कुठे वर छत, कुठे नुसत्या पट्ट्या आणि त्यातून येणारं ऊन, कुठे चौक, कुठे बसायला कट्टा. तो कॉरिडॉर नुसता चालायला नाही, थांबायला आहे.

अरण्य म्हणजे जंगल नव्हे

आता सरांनी सांगितलेलं अरण्य. इंदूर शहराच्या बाहेर, सुमारे ८५ हेक्टर जागेवर, इंदूर विकास प्राधिकरणासाठी दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. सुमारे साडेसहा हजार घरांची. मुख्यतः अगदी गरीब कुटुंबांसाठी, पण मध्यम आणि वरच्या उत्पन्नाच्या लोकांनाही त्यात जागा ठेवलेली. पहिला टप्पा १९८९ च्या सुमारास उभा राहिला. १९९५ साली याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

काम सुरू करण्याआधी त्यांनी काय केलं? इंदूरच्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातली मंडळीही त्यात होती. आपण झोपडपट्टी म्हटलं की 'समस्या' म्हणतो. यांनी तिथे टेप घेऊन मापं घेतली. लोक झाड कुठे ठेवतात, ओटा केवढा करतात, दुकान घराच्या कोणत्या बाजूला काढतात, भांडी कुठे घासतात, गप्पा कुठे मारतात. त्यांना दिसलं की सरकारी लेआउटमध्ये ज्या गोष्टी नसतात त्या सगळ्या झोपडपट्टीत आहेत. नाही ते पाणी, गटार, संडास आणि जागेची मालकी.

मग त्यांनी उलटा विचार केला. लोकांना जे स्वतः जमत नाही ते आपण द्यायचं, आणि जमतं ते त्यांच्यावर सोडायचं. सर्वात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फूट. त्यावर जोतं आणि संडास-बाथरूमचा गाभा तयार. पाणी, ड्रेनेज, वीज, रस्ता तयार. पुढचं घर ज्याचं त्याने, पैसे येतील तसं बांधायचं. आज एक खोली, पाच वर्षांनी दुसरी, मुलाच्या लग्नाला वरचा मजला. कसं बांधता येईल ते दाखवायला ८० नमुना घरं उभी केली. ओटा, जिना, बाल्कनी हे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून. लोकांनी त्यातलं हवं ते उचलायचं.

इंजिनीअरिंगचा भाग बघा. संडास-बाथरूमचे गाभे एकमेकांना पाठ लावून ठेवले की ड्रेनेजची लाइन आखूड होते, चेंबर कमी लागतात, खर्च वाचतो. मुख्य रस्त्याकडचे मोठे प्लॉट चढ्या भावाने विकायचे आणि तो पैसा गरिबांच्या प्लॉटकडे वळवायचा. गल्ल्या अरुंद आणि घराजवळ, म्हणजे सावली पडते आणि गाड्या घुसत नाहीत. मोठा रस्ता लांब. यात कुठे मोठं गणित नाही, पण प्रत्येक रेषेमागे कारण आहे. माझ्या चाळीस डब्यांमागे काय कारण होतं? कॉपी-पेस्ट!

सगळं काही ठरवल्याप्रमाणे झालं असं नाही. काही गरीब कुटुंबांनी प्लॉट विकले आणि निघून गेली. नमुना घरं आज बदलून गेली आहेत, ओळखूही येत नाहीत. मला आधी वाटलं, म्हणजे स्कीम फसली. पण प्लॉट विकणं हा प्रश्न खरा असला तरी घरं बदलणं हा फसल्याचा पुरावा कसा होईल? ती बदलण्यासाठीच तर बांधली होती. दोशींनी अहमदाबादला १९७३ च्या सुमारास एल.आय.सी.साठी काढलेल्या बिमानगर वसाहतीतही हीच गंमत आहे. खाली मोठं घर, वर त्याहून लहान, सर्वात वर सर्वात लहान, म्हणजे प्रत्येकाला गच्ची मिळते आणि त्यात खोली वाढवायला वाव राहतो. लोकांनी ती वाढवलीही.

आमच्या गच्चीवरच्या सळ्या

आता एक घरची गोष्ट सांगते. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

आमचं घर इचलकरंजीत. आजोबा यंत्रमागावर कामाला होते. त्यांनी एक गुंठा जागा घेतली आणि पत्र्याची एक खोली टाकली. पप्पांचं लग्न ठरलं तेव्हा मागे स्वयंपाकघर काढलं. माझा जन्म झाला त्या वर्षी पत्रा जाऊन स्लॅब आला. मोरीचं बाथरूम झालं. गच्चीवर कॉलमच्या सळ्या मात्र तशाच वर सोडलेल्या. उद्या वरचा मजला चढवायचा म्हणून. आजी दर दोन-तीन वर्षांनी त्यांना सिमेंटचं पाणी लावून घ्यायची, गंज धरू नये म्हणून.

सातवीत असताना माझ्या कॉन्व्हेंटमधली एक मैत्रीण मला गाडीतून सोडायला आली. वर बघून तिने इंग्रजीत विचारलं की तुमचं घर अजून पूर्ण नाही का झालं? मी म्हटलं, हे आमचं घर नाही, नातेवाइकांचं आहे, आमचं दुसरीकडे आहे. आजी दारातच उभी होती. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा तिने वाचला असणार. त्यानंतर मी कोणालाही घरी बोलावलं नाही.

लायब्ररीत अरण्यचे प्लॅन बघताना मला आमचं घर दिसलं. तीच एक खोली, तोच ओटा, तोच बाहेरून गेलेला जिना. जगातल्या मोठ्या आर्किटेक्टने झोपडपट्टीत टेप घेऊन जी गोष्ट शोधली आणि जिला बक्षीस मिळालं, ती माझ्या न शिकलेल्या आजोबांनी एका गुंठ्यात केली होती. आणि मी ते घर नाकारलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला हे सगळं सांगितलं. तिला अरण्यचं फार काही वाटलं नाही. म्हणाली, "मग दुसरं कसं बांधत्यात? पैसा एकदम कुणाकडं असतोय?" मग म्हणाली, "तू इंजिनेर होणार न्हवं? मग त्या सळ्या अजून चालतील का सांग." मी गच्चीवर जाऊन वायर ब्रशने घासून बघितल्या. वरचा गंज निघाला, पण दोन सळ्यांचा व्यास कमी झालेला स्पष्ट दिसत होता. त्या तशाच वापरून चालणार नाही, आणि वर मजला चढवायच्या आधी खालचे कॉलम आणि पाया जाणकाराकडून तपासून घ्यायला पाहिजे, हे मी पप्पांना सांगितलं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

संगाथ आणि गुफा

सिव्हिलच्या मंडळींसाठी आणखी दोन इमारती थोडक्यात. दोशींचं स्वतःचं ऑफिस म्हणजे 'संगाथ', १९८० च्या सुमाराचं. गुजरातीत संगाथ म्हणजे सोबत, आपली 'संगत'च. लांब कमानीदार छतं, अर्धी इमारत जमिनीच्या पातळीखाली, म्हणजे आत गारवा. छताच्या काँक्रीटमध्ये मातीच्या पोकळ नळ्या बसवल्या आहेत. पोकळीतली हवा उष्णता अडवते. वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे, ऊन परतवायला. पावसाचं पाणी छतावरून पन्हळीने खाली कुंडात येतं.

दुसरी 'अमदावाद नी गुफा', चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यासाठी, नव्वदच्या दशकातली. फेरोसिमेंटचं कवच, जाडी फक्त एक इंच! एकही भिंत सरळ नाही. आकार कॉम्प्युटरवर तपासला आणि बांधणाऱ्या मजुरांनी साध्या हत्यारांनी केला. कवचाचा आकारच भार वाहून नेतो, हे शेल स्ट्रक्चरच्या धड्यात वाचून घोकण्यापेक्षा तिथे जाऊन बघावं. आणि हो, टागोर हॉलच्या घडीच्या भिंतींसारखी कामं दोशींनी एकट्याने केली नाहीत, स्ट्रक्चरल इंजिनीअर महेंद्र राज बरोबर होते. आर्किटेक्ट आणि आपलं भांडण असायलाच पाहिजे असं काही नाही.

मोठा सन्मान, उशिरा

२०१८ साली दोशींना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. याला आर्किटेक्चरचं नोबेल म्हणतात. हा मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हा त्यांचं वय ९० होतं. २०२२ मध्ये ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. पद्मश्री १९७६, पद्मभूषण २०२०. २४ जानेवारी २०२३ ला, वयाच्या ९५ व्या वर्षी अहमदाबादला त्यांचं निधन झालं आणि लगेच पद्मविभूषण मरणोत्तर जाहीर झालं.

आपण काय शिकायचं?

मला उमगलेल्या तीन गोष्टी लिहिते.

एक, आधी बघा, मग काढा. ज्याच्यासाठी काम करायचं त्याचा दिवस कसा जातो हे माहीत नसेल तर ऑटोकॅड कितीही चांगलं येऊन उपयोग नाही.

दोन, सगळं आपणच पूर्ण करायचं नसतं. वापरणाऱ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं. हे घरालाच नाही, मशीनला आणि सॉफ्टवेअरलाही लागू आहे, तेव्हा मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हा लेख सिव्हिलचा म्हणून सोडू नये.

तीन, शिकायच्या जागा उघड्या ठेवा. याबाबतीत आदरणीय रेक्टर मॅडम आणि स्टाफला एक नम्र विनंती. होस्टेलच्या लँडिंगवर दोन बाकडी आणि एक ट्यूबलाइट मिळाली तर आम्ही गोंगाट करणार नाही असं वचन देत नाही, पण त्या गोंगाटात थोडी बेंडिंग मोमेंटही असेल.

माझी शीट मी पुन्हा काढली. चाळीस घरं, पण चार प्रकारची, प्रत्येकाला वाढायला जागा, आणि गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी. सरांनी बराच वेळ बघितलं. मग एका घराच्या गच्चीवर मी काढलेले चार ठिपके दाखवून विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "सर, सळ्या आहेत. आमच्या घरी पण आहेत."